मन्नारच्या आखातातील प्रवाळभित्ती : उपयोग, ऱ्हास आणि संरक्षण यांचा इतिहास

गोषवारा

भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरील मन्नारच्या आखातातील प्रवाळभित्ती दीर्घकाळ चुना व बांधकामाचा दगड मिळविण्याचे साधन मानल्या गेल्या. त्या सजीव आहेत, हे शास्त्राला अठराव्या शतकातच उमगले होते. भारतीय कायद्याने मात्र प्रवाळाला संरक्षित प्राण्याचा दर्जा २००१ मध्ये दिला. ज्ञान आणि संरक्षण यांमधील या अंतराचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. या विलंबाची किंमत कोणी मोजली आणि समुद्राच्या वाढत्या तापमानाच्या आजच्या काळात या इतिहासापासून कोणता बोध घ्यावा, याचाही विचार येथे केला आहे.

१. प्रस्तावना

काशी-रामेश्वरच्या यात्रेमुळे रामेश्वरचे नाव महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. ज्या बेटावर हे तीर्थक्षेत्र वसले आहे, त्या बेटाचा काही भाग प्राचीन काळी वर उचलल्या गेलेल्या प्रवाळखडकाचा आहे, ही बाब मात्र फारशी परिचित नाही. रामेश्वरपासून नैर्ऋत्येस तूतुकुडीपर्यंत (जुने नाव तुतिकोरिन) किनाऱ्याला समांतर अशी २१ लहान, निर्मनुष्य बेटांची रांग होती. त्यांपैकी दोन बेटे आज पाण्याखाली गेली आहेत. या बेटांभोवती पसरलेल्या प्रवाळभित्ती हा भारताच्या मुख्य भूमीलगतचा सर्वांत महत्त्वाचा प्रवाळप्रदेश होय. भारतात कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथेही प्रवाळभित्ती आहेत. परंतु मानवी उपयोग, वैज्ञानिक अभ्यास आणि कायदेशीर संरक्षण या तिन्ही धाग्यांची गुंफण मन्नारच्या आखाताइतकी स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते. म्हणूनच अभ्यासासाठी हा प्रदेश निवडला आहे.

२. प्रवाळभित्तीचे स्वरूप व महत्त्व

प्रवाळ हा पॉलिप नावाच्या अतिसूक्ष्म ते काही सेंटिमीटर आकाराच्या प्राण्यांचा समूह आहे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याचा कठीण सांगाडा तयार करतात. पॉलिपच्या ऊतींत एकपेशीय शैवाल वास करते. हे शैवाल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा यजमान प्राण्याला देते आणि मोबदल्यात त्याला आश्रय मिळतो. या सहजीवनामुळेच भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ, स्वच्छ व उबदार पाण्यातच भरभराटीस येतात. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. यावरून पुरुषभर उंचीचा एक प्रवाळगोल तयार होण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागतो, हे लक्षात येईल. पहारीच्या काही घावांत मात्र तो निखळून पडतो.

जगातील प्रवाळभित्तींनी सागरतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापला आहे; तरीही सागरी जीवप्रजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश प्रजाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांवर अवलंबून असतात. मन्नारच्या आखातात प्रवाळाच्या ११७ प्रजातींची नोंद झाली आहे. मासे, शेवंड, खेकडे, शंख, समुद्रकाकडी यांची पिल्ले याच भित्तींच्या कपारींत व लगतच्या समुद्रगवतात वाढतात. याखेरीज प्रवाळभित्ती ही नैसर्गिक तटबंदी आहे. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांची ऊर्जा ती सरासरी ९७ टक्क्यांपर्यंत कमी करते, असा निष्कर्ष जगभरातील अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणातून निघाला. मासेमारीवर जगणाऱ्या वस्तीच्या दृष्टीने भित्तीचे मोल असे दुहेरी आहे : ती अन्न पुरविते आणि घर राखते.

३. पोवळे आणि चुना : दोन भिन्न मूल्ये

भारतीय समाजाला प्रवाळ हा शब्द नवा नाही. नवरत्नांत पोवळ्याची गणना होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच, मुझिरिस इत्यादी बंदरांत आयात होणाऱ्या वस्तूंमध्ये पोवळ्याचा उल्लेख आहे. रोमन लेखक प्लिनी यानेही भारतीयांना पोवळ्याचे विशेष अप्रूप असल्याचे नमूद केले आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी गोव्यातील सारस्वत व्यापाऱ्यांकडे पोवळी पाठवीत आणि त्यांच्या मोबदल्यात हिरे मागवीत. हा पत्रव्यवहार इतिहाससंशोधकांनी उजेडात आणला आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. अलंकारात वापरले जाणारे लाल पोवळे भूमध्य समुद्रात मिळते. ते भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांपैकी नव्हे. भारताच्या उथळ समुद्रातील भित्तिकारक प्रवाळाला रत्नाचे मोल कधीच मिळाले नाही. परदेशातून आलेले पोवळे सोन्यात जडविले गेले आणि आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळ चुन्याच्या भट्टीत गेला. ज्या प्रदेशात चांगला बांधकामाचा दगड दुर्मीळ आहे, तेथे प्रवाळाचे चिरे घरे, विहिरी व भिंतींसाठी वापरणे स्वाभाविक होते. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेल्या धनुष्कोडी गावातील चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. त्याच्या भिंतींतील प्रवाळाच्या दगडांवर पॉलिपच्या तारकाकृती खुणा स्पष्ट दिसतात. गावाच्या गरजेपुरता, हाताने होणारा हा वापर मर्यादित होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे प्रमाण व हेतू दोन्ही बदलले.

४. वैज्ञानिक ज्ञानाची वाटचाल

प्रवाळ म्हणजे दगड, वनस्पती की प्राणी, हा वाद युरोपात दीर्घकाळ चालला. इ. स. १७२० च्या दशकात झाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने प्रवाळाची ‘फुले’ म्हणजे वस्तुतः प्राणी होत, असे प्रतिपादन केले. पॅरिसच्या विद्वत्‌सभेने प्रारंभी ते मानले नाही. पुढे काही दशकांत त्याचे म्हणणे स्वीकारले गेले. चार्ल्स डार्विनने १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरील प्रवासात हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटांना भेट दिली. १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने अनुतट भित्ती, रोधक भित्ती आणि कंकणद्वीप या एकाच प्रक्रियेच्या क्रमिक अवस्था आहेत, असा सिद्धान्त मांडला. समुद्रतळ हळूहळू खचत असताना प्रवाळ वरच्या दिशेने वाढत राहतो, हे त्याचे सूत्र होते.

मन्नारच्या आखाताचा शास्त्रीय अभ्यासही एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला. मद्रास येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी मोती व शंखांच्या मासेमारीची पाहणी करताना या आखातातील सागरी जीवांच्या नोंदी केल्या. त्या १८९० मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९२७ मध्ये याच संग्रहालयाने पांबनजवळील क्रुसडाई बेटाच्या किनारी जीवसृष्टीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुख्यालय प्रारंभीची अनेक वर्षे मंडपम येथेच होते. जानेवारी १९६९ मध्ये मंडपम येथे प्रवाळ व प्रवाळभित्ती या विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. पुढे दर काही वर्षांनी जगाच्या विविध भागांत भरत आलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती परिषदांच्या मालिकेतील तो पहिला मानला जातो. प्रवाळविषयक जागतिक विद्वत्तेची पहिली बैठक भारताच्या याच किनाऱ्यावर भरली, ही अभिमानाची बाब आहे. तिची दुसरी बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे.

५. खाणकामाचा काळ

१९६० च्या दशकापासून या किनाऱ्यावर प्रवाळ काढण्याला व्यापारी स्वरूप आले. वाढते बांधकाम, चुनाभट्ट्या तसेच सिमेंट व कॅल्शियम कार्बाइड यांसारखे उद्योग यांची मागणी त्यामागे होती. ओहोटीच्या वेळी होड्या भित्तीवर नेल्या जात. पहारीने प्रवाळाचे गोळे सुटे करून ते होडीत भरले जात आणि किनाऱ्यावर त्यांचे ढीग रचले जात. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञांनी केवळ मंडपम परिसरातून दररोज सुमारे २५० घनमीटर प्रवाळ काढला जात असल्याचा अंदाज नोंदविला. अर्थात, ज्या किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, त्याच किनाऱ्यावर त्या काळात प्रवाळाच्या होड्या रिकाम्या होत होत्या.

या कामावरील श्रमिक बहुतांशी गरीब मच्छीमार कुटुंबांतील होते. मासे न मिळण्याच्या दिवसांत प्रवाळ हा रोजंदारीचा आधार होता. भित्ती नष्ट झाल्यास मासळी घटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. परंतु आजच्या चुलीचा प्रश्न उद्याच्या मासळीपेक्षा निकडीचा होता. म्हणून या ऱ्हासाचा दोष केवळ पहार चालविणाऱ्या हातांवर ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वस्त चुना मागणारी बाजारपेठ आणि समुद्रतळाकडे मोफत खाण म्हणून पाहणारी धोरणदृष्टी हीही तितकीच कारणीभूत होती.

परिणाम दूरगामी ठरले. आखातातील सुमारे ११० चौरस किलोमीटर प्रवाळक्षेत्रापैकी सुमारे ३२ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रामुख्याने खाणकामामुळे नष्ट झाल्याचे नंतरच्या सर्वेक्षणांत आढळले. भित्तीचा अडसर दूर झाल्यावर लाटा थेट वाळूच्या बेटांवर आदळू लागल्या. पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही पाण्याखाली गेलेली दोन बेटे होत. तूतुकुडीजवळील वान बेटाचीही इतकी झीज झाली की, २०१५ नंतर त्याच्या रक्षणासाठी समुद्रात काँक्रीटच्या कृत्रिम भित्ती बसवाव्या लागल्या. निसर्गाने शतकानुशतके विनामूल्य उभारलेली तटबंदी मोडून शासनाला तिची प्रतिकृती सार्वजनिक पैशातून उभी करावी लागली.

६. कायद्याची पावले

भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान कच्छच्या आखातात १९८२ मध्ये घोषित झाले. त्यानंतर १९८६ मध्ये तामिळनाडू शासनाने मन्नारच्या आखातातील २१ बेटे व भोवतालचे पाणी मिळून सुमारे ५६० चौरस किलोमीटर क्षेत्राचे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित केले. १९८९ मध्ये सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर क्षेत्राला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने प्रवाळभित्तींना सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात स्थान दिले.

तरीही खाणकाम थांबले नाही. उद्यानाची सीमा कागदावर स्पष्ट असली तरी समुद्रावर ती दिसत नाही आणि गस्तीची साधने तुटपुंजी होती. जुलै २००१ मध्ये भित्तिकारक प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण होते, ते प्रवाळाला मिळाले. प्रवाळ काढणे हा कारावासास पात्र गुन्हा ठरला. पेसोनेलच्या प्रतिपादनानंतर पावणेतीन शतकांनी, आणि मंडपमच्या परिसंवादानंतर ३२ वर्षांनी, भारतीय कायद्याने प्रवाळाला प्राणी म्हणून संरक्षण दिले.

कायद्याला लोकमताची जोड एका आपत्तीने दिली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर आदळल्या. आखाताच्या पलीकडे, श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तिचा आघात शेजारशेजारच्या गावांतही भिन्न होता. ज्या हिक्कडुवा येथे प्रवाळ राखला गेला होता, तेथे पाणी सुमारे ५० मीटर आत शिरले. तेथून काही किलोमीटरवरील पेरेलिया येथे प्रवाळाची मोठ्या प्रमाणात तोड झाली होती. तेथे पाणी सुमारे दीड किलोमीटर आत गेले आणि प्रवाशांनी भरलेली आगगाडी वाहून गेली. समुद्रतळाचा उतार व किनाऱ्याची रचना यांचाही लाटेवर प्रभाव पडतो, हे खरे. तथापि भित्तीच्या अभावाचा संबंध शास्त्रज्ञांनी तेव्हाच लक्षात आणून दिला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही बेटे व भित्ती यांच्या मोलाची जाणीव वाढली आणि २००५ पर्यंत मन्नारच्या आखातातील खाणकाम जवळजवळ पूर्णतः थांबले.

७. लोकसहभाग आणि त्याच्या मर्यादा

संरक्षणाची झळ मुख्यत्वे किनाऱ्यावरील लोकांना बसली. पांबन परिसरातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतालच्या पाण्यात बुडी मारून समुद्रशैवाल गोळा करीत आल्या आहेत. उद्यान घोषित झाल्यावर त्यांचा हा पारंपरिक व्यवसाय बेकायदा ठरला आणि वनखात्याशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. पुढे या स्त्रियांनी संघटित होऊन महिन्यातील ठरावीक दिवसच शैवाल काढण्याचे व वाढीच्या काळात काम बंद ठेवण्याचे नियम स्वतःवर घालून घेतले. त्यांच्या नेतृत्वाला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कारही लाभला. साधनसंपत्तीवर ज्यांचे पोट आहे, तेच तिचे जागरूक राखणदार होऊ शकतात, असे हे उदाहरण सांगते.

महाराष्ट्राचा अनुभवही येथे विचारात घेण्याजोगा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतो. तेथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. मच्छीमारांना विश्वासात न घेता आखलेली सीमा टिकाऊ संरक्षण देऊ शकत नाही, हा धडा मन्नार व मालवण या दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. मुंबईत २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या बांधकामाआधी वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ लहान वसाहती अन्यत्र हलविण्यात आल्या. महानगराच्या खडकाळ किनाऱ्यावरही प्रवाळ आहे आणि कायद्यामुळे बांधकामाला त्याची दखल घ्यावी लागते, हे या घटनेने दाखविले.

८. उष्ण होणारा समुद्र : नवे संकट

खाणकाम थांबले, पण संकट संपले नाही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्राचे पाणी सुमारे एक अंश सेल्सिअसने अधिक काळ तापलेले राहिल्यास पॉलिप आपल्या ऊतींतील शैवाल बाहेर टाकतो. त्यामुळे प्रवाळ पांढरा पडतो. या अवस्थेस विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवाले तर प्रवाळ सावरतो. अन्यथा उपासमारीने मरतो. १९९८ मध्ये मन्नारचे आखात व लक्षद्वीप येथे पाहणी केलेल्या प्रवाळांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळ विरंजित झाले. २०१० व २०१६ मध्ये हे संकट पुन्हा आले. २०१६ च्या विरंजनात मन्नारच्या आखातातील सजीव प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर घसरले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक विरंजन घटना घोषित केली. याशिवाय, शेतीसाठी आणलेल्या कप्पाफायकस या परदेशी शैवालाने क्रुसडाई बेटालगतच्या प्रवाळावर आक्रमण केल्याची नोंद २००८ मध्ये झाली.

या नव्या संकटापुढे उद्यानाची सीमा निरुपयोगी आहे, असा युक्तिवाद केला जातो. तापलेले पाणी सीमा ओळखत नाही, हे खरे आहे. परंतु विरंजनानंतर प्रवाळ पुन्हा वाढण्यासाठी स्वच्छ पाणी, शैवाल खाणारे मासे आणि अभंग खडक यांची गरज असते, आणि या तिन्ही गोष्टी स्थानिक संरक्षणावरच अवलंबून आहेत. तूतुकुडी येथील संशोधन संस्थेने २००२ पासून काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे रुजविण्याचे काम चालविले आहे. त्यातून काही क्षेत्र पुन्हा सजीव झाले. अशी पुनर्स्थापना अत्यंत संथ व खर्चिक असते. नष्ट झालेल्या ३२ चौरस किलोमीटरांची भरपाई तिच्याकडून अपेक्षिणे वास्तवाला धरून नाही.

९. निष्कर्ष

मन्नारच्या आखाताच्या इतिहासावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, प्रवाळभित्तींचा ऱ्हास अज्ञानामुळे झाला असे म्हणता येत नाही. १९६९ पर्यंत आवश्यक ज्ञान त्याच किनाऱ्यावर उपलब्ध होते. खाणकाम मात्र २००५ पर्यंत चालले. या ३६ वर्षांत जे गमावले, ते परत आणण्यास अनेक पिढ्या लागतील. दुसरा, केवळ सीमा आखून संरक्षण साधले नाही. कठोर कायदा, मागणीला आळा आणि किनाऱ्यावरील लोकांची जाणीव एकत्र आल्यावरच पहारी थांबल्या. तिसरा, संरक्षणाचा भार ज्यांच्यावर पडतो, त्या मच्छीमारांना व शैवाल गोळा करणाऱ्या स्त्रियांना निर्णयात स्थान देणे हा न्यायाचा, तसाच परिणामकारकतेचाही प्रश्न आहे.

आज पुन्हा एकदा ज्ञान उपलब्ध आहे. जागतिक तापमानवाढ दीड अंशापर्यंत गेल्यास उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्ती आणखी ७० ते ९० टक्क्यांनी घटतील आणि दोन अंशांवर त्या जवळजवळ नाहीशा होतील, असा इशारा हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०१८ मध्ये दिला. मंडपमच्या परिसंवादानंतर कृतीला तीन दशके लागली. तितका अवधी या वेळी समुद्र देणार नाही. कार्बन उत्सर्जनातील घट हे जगाचे कर्तव्य आहे, आणि सांडपाणी, गाळ, विध्वंसक मासेमारी यांपासून भित्तींचे रक्षण हे त्या त्या किनाऱ्याचे. या दोहोंपैकी एकासाठी दुसरे थांबवून ठेवणे म्हणजे जुन्या विलंबाची पुनरावृत्ती करणे होय.